सहाव्या घरात तीन उत्तरं: चौकोनी चकलीवर दिसणारे आकडे मोजायचं प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, दहावीला आहे, आणि त्याला गणिताचा कंटाळा नाही पण गणिताच्या पुस्तकाचा आहे, म्हणून मी त्याला चौकटीची वही आणि पेन्सिल दिली आणि म्हटलं चल एक खेळ खेळू, फक्त मोजायचंय, सूत्र वगैरे काही नाही. अर्ध्या तासाचा खेळ असेल असं वाटलं होतं. चार दिवस चालला. त्यातले दोन दिवस तर आम्ही दोघं वेगवेगळा खेळ खेळत होतो आणि दोघांनाही ते कळलं नव्हतं. ते सगळं सविस्तर लिहून ठेवतोय कारण असल्या क्रमिका, म्हणजे नियमाने येणाऱ्या आकड्यांच्या रांगा, बनवताना नेमकं कुठे पाय घसरतो ते यात छान दिसतं.

खेळ असा. वहीच्या मधोमध एक घर घ्यायचं, ते पहिलं. त्याच्या उजवीकडे दुसरं, मग वर तिसरं, मग डावीकडे चौथं आणि पाचवं, मग खाली सहावं आणि सातवं, मग उजवीकडे तीन, वर तीन, डावीकडे चार, असं बाहेर बाहेर गुंडाळत जायचं. चकली चौकोनी पाडली तर कशी दिसेल, तसं. पहिल्या घरात ० लिहायचा. पुढच्या प्रत्येक घरात शिरलं की मागच्या घरातला आकडा बघायचा, आणि आत्ताच्या घरात उभं राहून विचारायचं, तोच आकडा असलेली किती घरं मला इथून दिसतात? जेवढी दिसतात तेवढा आकडा या घरात लिहायचा. बस. पुढचं घर.

असले नियम लोकांनी ढिगाने केलेत. चौकोनी चकलीवर आकडे मांडायची कल्पना तशी १९६३ची, गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम एका कंटाळवाण्या भाषणात बसले होते आणि कागदावर रेघोट्या मारता मारता त्यांनी १, २, ३ असे आकडे गुंडाळत लिहिले आणि मूळ संख्यांना गोल केले तर त्या तिरक्या रेघांवर जमा होताना दिसल्या, पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते चित्र सायंटिफिक अमेरिकनच्या मुखपृष्ठावर होतं. मागचा आकडा बघून पुढचा ठरवायची तऱ्हाही ओळखीची आहे, व्हॅन एक नावाच्या माणसाची क्रमिका तशीच चालते, मागचा आकडा याआधी किती पावलं मागे आला होता ते लिहायचं आणि नवीनच असेल तर ०: ०, ०, १, ०, २, ०, २, २, १, ६... आमच्या खेळात या दोन्हींची भेळ आहे आणि वर एक तिसरी गोष्ट, दिसणं. सगळा घोळ त्या तिसऱ्या गोष्टीतच झाला.

पहिली पाच घरं दोघांची सारखी आली. ०, मग १ (कारण एकच ० दिसतो, शेजारचा), मग १, मग २, मग १. सहाव्या घरात मागचा आकडा १, म्हणजे १ मोजायचे. मी लिहिले २. भाच्याने लिहिला १. मी म्हटलं तू चुकलास, तो म्हणाला मामा तूच चुकलास, आणि दोघंही आपापलं पुढे रेटत राहिलो, संध्याकाळी वह्या शेजारी ठेवल्या तर दोन वेगळ्या क्रमिका. त्याची ०, १, १, २, १, १, १, ३ आणि माझी ०, १, १, २, १, २, २, २.

मग सहाव्या घरात नीट उभे राहिलो. मधल्या घराला (०,०) म्हणा, उजवीकडे आणि वर धन. तर सहावं घर आहे (−१,०) वर. तोपर्यंत १ लिहिलेली घरं तीन: दुसरं (१,०) वर, तिसरं (१,१) वर आणि पाचवं (−१,१) वर. पाचवं डोक्यावरच आहे, ते दिसतंच. दुसरं त्याच आडव्या ओळीत आहे पण मध्ये पहिलं घर उभं आहे, म्हणून दिसत नाही. आणि तिसरं? ते दोन घरं उजवीकडे आणि एक वर, घोड्याच्या अडीच घरांसारखं. भाचा बुद्धिबळ खेळतो, त्याच्या डोक्यात दिसणं म्हणजे वजिराचं दिसणं, आडवं, उभं आणि तिरकं, बास. घोड्याच्या जागी असलेलं घर वजिराला दिसत नाही म्हणून त्याने ते सोडलं. मी सरळ एका घराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी ठेवली, वाटेत तिसऱ्या कोणाचा मध्य आला नाही, म्हणून दिसतं. आणि गंमत म्हणजे दिसण्याची भानगडच नाही ठेवली, नुसते आधी आलेले १ मोजले, तर उत्तर ३ येतं. म्हणजे त्या एका घरात तीन नियम आणि तीन उत्तरं, ३, २ आणि १, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर. चूक कोणाचीच नव्हती, चूक माझ्या वाक्याची होती, कारण "दिसतं" म्हणजे काय हे मी सांगितलंच नव्हतं.

आम्ही पट्टीवाला अर्थ ठेवला. वजीरवाला वाईट नाही, पण त्यात घराला फक्त आठच दिशा असतात म्हणजे कुठूनही जास्तीत जास्त आठच घरं दिसणार, आणि चकली कितीही वाढली तरी आकडा ८च्या वर कधीच जाणार नाही. मला मोकळं रान हवं होतं.

पट्टीवाल्या अर्थाचा फायदा असा की पट्टी लागतच नाही. दोन घरांमधलं आडवं अंतर आणि उभं अंतर घ्या, त्यांचा मसावि काढा. १ आला, म्हणजे अंतरं सहमूळ असली, तर दिसतं. मसावि २ किंवा जास्त आला तर मध्ये कोणीतरी आहे, कारण मग ती रेघ सारख्या तुकड्यांत तुटते आणि प्रत्येक तुटीच्या जागी एक घर असतं. सरळ ओळीत असेल तर एक अंतर ० असतं आणि ० व ३ चा मसावि ३, म्हणजे आड कोणीतरी आहे, ० व १ चा मसावि १, म्हणजे शेजारी आहे. भाचा म्हणाला मसाविचा असा उपयोग होतो हे शाळेत का नाही सांगत. मला काय माहीत. शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला हातभर अंतर सोडून उभं करतात ना, तिथे कोपऱ्यातल्या पोराला विचारा कोण दिसतं कोण नाही, त्याला हे मसावि न काढता माहीत असतं. नाहीतर नाशिककडे एसटीच्या खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघा, ओळींमधल्या फटी कशा एकदम उघडतात आणि मिटतात, तेच हे.

मग त्याने एक शंका काढली आणि ती खरंच चांगली होती. "मामा, पण चकली अर्धवट असताना काही घरं रिकामी असतात. रिकाम्या घराने कसं अडेल? तिथे कोणी उभंच नाही. मसावि तर रिकामं भरलेलं बघत नाही." दोन मिनिटं मी गप्प. मग चित्र काढलं तर कळलं की तशी वेळच येत नाही. चकलीचा भरलेला भाग कधीही बघा, तो एक पूर्ण आयत असतो आणि त्याच्या एका बाजूला चिकटलेली एक अर्धवट ओळ. आपण उभे असतो त्या अर्धवट ओळीच्या टोकाला. तिथून आयतातल्या कुठल्याही घराकडे रेघ मारली तर वाटेतली घरं आयताच्या आतच पडतात, आणि ओळीतल्याच घराकडे मारली तर ओळीतच, जी मागे भरलेलीच आहे. रिकामं घर वाटेत येऊच शकत नाही. म्हणजे "फक्त भरलेली घरं अडवतात" म्हणा की "कुठलंही घर अडवतं" म्हणा, आकडे तेच. चकली डावीकडून गुंडाळा की उजवीकडून, त्यानेही फरक पडत नाही, आरशातलं चित्र होतं फक्त. पण उड्या मारणाऱ्या कुठल्या मार्गावर हा खेळ मांडला तर हे खरं राहणार नाही, तिथे आधी सांगावं लागेल कोण अडवतं ते. (चकलीवर उड्या मारणारा घोडा प्रसिद्धच आहे, दर वेळी न गेलेल्या घरांपैकी सगळ्यात लहान नंबरच्या घरावर उडी मारायची, तो २०१६ घरं फिरतो आणि २०८४ नंबरच्या घरात अडकून बसतो, पुढे जागाच नाही.)

आता दिसण्याची अट काढली तर काय होतं ते बघा, कारण मला वाटतं या प्रकरणाचा जीव तिथे आहे. नुसती आंधळी मोजणी: ०, १, १, २, १, ३, १, ४, १, ५, १, ६... आणि हे असंच चालत राहणार, कायमचं. नवीन आकडा आला की तो एकटाच, म्हणून पुढचा १. १ आला की आतापर्यंतचे सगळे १ मोजा, ते मागच्या वेळेपेक्षा एकाने जास्त, म्हणून पुन्हा नवीन आकडा, म्हणून पुन्हा १. झालं, मेली क्रमिका. एका ओळीत सिद्धता आणि पुढे बघण्यासारखं काही नाही. तिला जागं ठेवतं ते फक्त आड येणं, की काही घरं दिसत नाहीत म्हणून मोजणी कमी भरते, कमी भरली की जुनाच आकडा पुन्हा येतो, आणि जुना आकडा आला की पुढे नुसता १ न येता दुसरंच काहीतरी येऊ शकतं.

इथे मी स्वतः कसा फसलो तेही सांगतो. ०ऐवजी १ने सुरुवात करून बघितली होती एकदा, पट्टी लावूनच. आलं १, १, २, १, ३, १, ४, १, ५, १. आंधळी मोजणी १ने सुरू केली तरी हेच येतं, दहाच्या दहा आकडे तेच! मी म्हटलं सुरुवात ०ने करा की १ने, दिसण्याने फारसं काही होतच नाही बहुतेक, ०वाली सुरुवातच काहीतरी वेगळी पडली असेल. वही मिटणार होतो. अकरावं घर (२,०) वर आहे, आणि १ असलेली घरं सहा: (०,०), (१,०), (०,१), (−१,०), (०,−१) आणि शेजारचं (२,−१). आंधळी मोजणी म्हणते ६. पण (१,०) वरचा बाबा मध्ये उभा आहे आणि त्याच्या मागे (०,०) आणि (−१,०) दोन्ही झाकले गेलेत, त्यामुळे दिसतात ४च. आणि ४ आधी सातव्या घरात आलेला आहे, तो तिरका दिसतो, मग बारावा आकडा २. तिथून दोन्ही वाटा वेगळ्या. दहा आकडे जुळले की माणूस निवांत होतो, तो होऊ नये. माणसं क्रमिकांच्या त्या मोठ्या ऑनलाइन कोशात, ओईआयएसमध्ये, पहिले सहा आकडे टाकून "सापडली" म्हणून मोकळी होतात, त्यातलाच हा प्रकार. नील स्लोन यांनी १९६४मध्ये कार्डांवर सुरू केलेला तो संग्रह आहे, त्यात आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या संख्याही आहेत, आणि एकाच सुरुवातीच्या डझनभर क्रमिका तिथे शेजारी शेजारी निघतात.

परत ०वाल्या चकलीकडे. पंचवीस घरं भरल्यावर चौकोन असा दिसतो:

५ २ ४ २ ४
१ १ २ १ १
५ २ ० १ ४
१ २ २ ३ १
५ ३ २ ४ १

मधला ० पहिला, उजवीकडचा १ दुसरा, आणि खाली उजव्या कोपऱ्यातला १ पंचविसावा. ओळीने लिहिलं तर ०, १, १, २, १, २, २, २, ३, १, ४, १, ४, २, ४, २, ५, १, ५, १, ५, ३, २, ४, १. यात १ आठ वेळा, २ सात वेळा. ० एकदाच, आणि तो परत कधीच येणार नाही कारण मागचं घर शेजारीच असतं, ते दिसणारच, म्हणजे मोजणी कमीत कमी १.

भाच्याने नियम काढला की १ आला म्हणजे मागचा आकडा नवा होता. चौथ्या घरात २ पहिल्यांदा आला, पाचव्यात १. नवव्यात ३, दहाव्यात १. बरोबर वाटतं. पण विसावं घर बघ म्हटलं. मागचा आकडा ५, जुना आहे, सतराव्या घरातही होता, पण तो त्याच उभ्या ओळीत तीन घरं वर आहे, झाकलेला. म्हणून १. आणि पंचविसावं घर तर फारच गोड आहे. मागचा आकडा ४, तो याआधी तीनदा आलेला. दोन ४ याच उभ्या ओळीत वर आहेत, (२,०) आणि (२,२) वर, झाकलेले. तिसरा (०,२) वर, आपण (२,−२) वर, म्हणजे अंतरं २ आणि ४, मसावि २, आणि मध्ये उभा आहे (१,०) वरचा १, म्हणजे पहिल्या घराशेजारचा तो दुसऱ्या नंबरचा, इतक्या लांबून आडवा आला. तीनही ४ एकाच वेळी गायब. नियम उलट्या बाजूने खरा आहे, नवा आकडा आला की पुढे १ येतोच, पण १ आला म्हणून मागचा नवा होता असं नाही.

कोपऱ्यांचं असं का होतं याचं हिशेबी उत्तर आहे. कोपऱ्यातून (२,−२) बाकीच्या २४ घरांपैकी १३च दिसतात, तर एकच घर आधी, (१,−२) वरून, तोवर भरलेल्या २३पैकी १५ दिसतात. सम-विषमची युक्ती हाताने मोजताना फार कामाला येते: दोन घरांचे आडवे निर्देशक दोन्ही सम किंवा दोन्ही विषम, आणि उभेही तसेच, तर दोन्ही अंतरं सम, म्हणजे दिसणं शक्यच नाही, पट्टी काढायची गरज नाही. चारात एक घर असं बाद होतं. मग उरलेल्यांत ३ने दोन्ही अंतरांना भाग जाणारी, ती नवात एक. मग ५ची, पंचविसात एक. म्हणजे ३/४ गुणिले ८/९ गुणिले २४/२५, एवढ्यातच ०.६४ होतं, आणि सगळ्या मूळ संख्यांसाठी गुणत गेलं तर ६ भागिले पायचा (π चा) वर्ग, ०.६०७९ च्या आसपास. पायचा वर्ग भागिले ६ ही ऑयलरची बेरीज, १ + १/४ + १/९ + १/१६ अशी अनंतापर्यंत, ती इथे उलटी होऊन बसलीय. पेन्सिलीने १ मोजता मोजता पाय भेटेल असं भाच्याला वाटलं नव्हतं, तो बराच वेळ "पण इथे वर्तुळ कुठंय" एवढंच विचारत होता.

तर पंचविसाव्यापर्यंत आकडे ५च्या वर गेले नव्हते, मला वाटलं आता ६ येईल. सव्विसावं घर (३,−२) वर. मागचा आकडा १, आणि १ आठ जमलेत. आला ७! आठांतला एकच झाकलेला, तो (१,०) वरचा. मग १, मग अठ्ठाविसाव्यात ८, नऊपैकी आठ दिसले आणि झाकलेला पुन्हा तोच (१,०). मग १, ८, १. ६चा पत्ताच नाही.

चौकोनाकडे नीट बघा, वरून दुसरी ओळ, १ १ २ १ १. आणि खालून दुसरीत दोन्ही टोकांना १. म्हणजे १ची बहुतेक घरं उभ्या निर्देशकाने विषम आहेत, १ किंवा −१. आता सव्विसावं, अठ्ठाविसावं आणि तिसावं ही घरं (३,−२), (३,०), (३,२), उभा निर्देशक सम, म्हणून सम-विषमच्या युक्तीने एकही विषमवाला बाद होत नाही, जवळपास सगळे उघडे पडतात. त्यातही एकोणतिसावं घर (३,१) नेमकं त्या १ १ २ १ १ च्या ओळीत आहे, तिथून त्या ओळीतला शेजारचा एकच १ दिसला असता, पण तिथे १ मोजायचेच नव्हते, ८ मोजायचे होते! आणि बत्तिसावं घर (२,३) वर गेलं, उभा निर्देशक विषम, आडवा सम, तिथे अकरापैकी पाच झाकले गेले आणि तेव्हा कुठे ६ उगवला. ७ आणि ८ येऊन गेल्यावर. लग्नात धाकट्यांचं आधी उरकावं तसं.

कॉम्प्युटरवर टाकायचं असेल तर प्रत्येक घरातून मागची सगळी घरं तपासू नका, १०,००० घरांसाठी जवळपास ५ कोटी मसावि होतात. प्रत्येक आकड्याची वेगळी यादी ठेवायची, तो कुठल्या कुठल्या घरात आहे ती, आणि फक्त तीच यादी बघायची. एवढंच. मी ते केलं, पहिली पंचवीस हाताने काढलेल्याशी ताडून बघितली, जुळली. भाच्याने मात्र स्क्रीनकडे बघायला नकार दिला, म्हणाला आकडे आधी बघितले तर मजाच गेली.

तेहतिसाव्यात १ (६ नवा होता ना), चौतिसावं (०,३) वर, १ आता बारा झालेले, एकेक करून त्याने टिक केले, सात दिसले. पस्तिसाव्यासाठी ७ मोजायचे. एक शेजारी. दुसरा पार खाली (३,−२) वर, अंतरं ४ आणि ५. "सहमूळ," तो म्हणाला, आणि २ लिहून वहीला डावीकडून दुसरं पान चिकटवायला डिंक शोधत आत गेला.